जपानी लोकल गाड्यांचे प्रकार: रंगावरून केलेली ओळख बरोबर आहे का? (फलक आणि पुठ्ठ्याच्या मॉडेलसाठी)

रूळवाट, फोंडा

नमस्कार मंडळी. डिसेंबरात इथल्या एका वाचनालयाच्या सभागृहात शाळकरी मुलांसाठी रेल्वेचं प्रदर्शन आहे. त्यातला जपानचा कोपरा माझ्याकडे आहे. शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) मुद्दाम घेतलेली नाही. तोक्यो-ओसाकात रोज कामाला जाणारी माणसं ज्या विजेच्या लोकलमध्ये चढतात, तिचे प्रकार दाखवायचे आहेत. तीन फलक आणि १:५० प्रमाणात पुठ्ठ्याचं एक मॉडेल, एवढा पसारा.

पहिल्या फलकाचा मजकूर असा तयार आहे: "हिरवी गाडी ई२३५, केशरी गाडी ई२३३, पिवळी गाडी ई२३१, आकाशी गाडी २०९." छपाईला देण्याआधी कुणी तपासून द्याल का?

दुसरं म्हणजे डब्यांच्या बाजूवर 'मोहा', 'कुहा', 'साहा' अशी जपानी अक्षरं आणि पुढे आकडा दिसतो. एकाच गाडीत एका डब्यावर ई२३३ आणि शेजारच्या डब्यावर ई२३२. ही नोंदीतली चूक, की दोन प्रकार एकत्र जोडलेत? मॉडेलसाठी कोणता प्रकार घ्यावा, मापं काय धरावीत, हेही सांगा. आणि मुलं हमखास विचारतील की ही गाडी मडगाव-थिवी का धावू शकत नाही. त्याचं नेमकं उत्तर हवंय.

---

क्रमांकवही, वास्को

रूळवाट बाब, पहिला फलक छापू नका. त्यातली मूळ समजूतच उलटी आहे. रंग गाडीच्या प्रकाराचा नसतो, मार्गाचा असतो.

यामानोते ही तोक्योची गोल लाइन हिरवी. चुओ जलद केशरी, चुओ-सोबु धीमी पिवळी, केइहिन-तोहोकु आकाशी, जोबान धीमी पाचूच्या रंगाची. आता यामानोतेवर हिरव्या रंगात १०३, २०५, ई२३१ आणि ई२३५ असे चार प्रकार एकामागून एक धावले. चुओवर केशरी रंगात १०१, २०१ आणि ई२३३. उलट बाजूनं पाहिलंत तर ई२३३ हा एकच प्रकार चुओवर केशरी पट्ट्यात, केइहिन-तोहोकुवर आकाशी पट्ट्यात आणि केइयो लाइनवर गडद लाल पट्ट्यात दिसतो. ओसाकाची गोल लाइनही केशरी आहे, म्हणजे केशरी गाडी दिसली तर ती तोक्योचीच असंही नाही. रंग तरी कायमचा असावा, तर तेही नाही: १९६१ मध्ये यामानोतेवर आलेल्या १०१ गाड्या पिवळ्या होत्या. हिरवा रंग १९६३ मध्ये १०३ बरोबर आला आणि ती पिवळी मंडळी सोबु लाइनवर गेली.

फलकाचं शीर्षक "रंग सांगतो मार्ग, आकडा सांगतो प्रकार" असं करा आणि खाली एकाच रंगातल्या चार यामानोते गाड्या ओळीनं लावा. मुलांना फरक लगेच कळेल, कारण रंग सारखा असला की डोळा आपोआप तोंडवळा, खिडक्या आणि दारं बघायला लागतो.

आता अक्षरं. 'मो' म्हणजे मोटारीचा डबा. 'कु' म्हणजे चालकाची केबिन असलेला, पण मोटार नसलेला डबा. 'सा' म्हणजे मोटारही नाही आणि केबिनही नाही. केबिन आणि मोटार दोन्ही असतील तर 'कुमो'. दुसरं अक्षर वर्गाचं. आपण अ-आ-इ म्हणतो तसा जपान्यांचा जुना अक्षरक्रम इ-रो-हा असा आहे. पहिला वर्ग इ, दुसरा रो, तिसरा हा. पुढे वर्ग बदलले तरी अक्षरं राहिली. साध्या डब्याला आजही 'हा' लागतं आणि जादा भाड्याच्या ग्रीन कारला 'रो'. चुओ जलदवर ऑक्टोबर २०२४ पासून दोन दुमजली ग्रीन कार जोडायला सुरुवात झाली. ते 'सारो' डबे, आणि त्यांच्यामुळे दहाची गाडी बारा डब्यांची झाली.

२३३ आणि २३२ ही चूक नाही. मोटारीचे डबे जोडीनं चालतात. जोडीतल्या एकावर पँटोग्राफ (वरच्या वायरीतून वीज घेणारी छतावरची चौकट) आणि मुख्य नियंत्रण यंत्रणा असते, दुसऱ्यावर एअर कॉम्प्रेसर आणि दिवे व वातानुकूलनासाठीची वीज तयार करणारा संच. पहिल्याला विषम आकडा मिळतो, म्हणून तो मोहा ई२३३. जोडीदाराला एक कमी, म्हणून मोहा ई२३२. केबिनच्या दोन टोकांनाही असेच वेगळे आकडे असतात. प्रकाराचं नाव घेताना विषम आकडाच घ्यायचा.

तीन आकड्यांत अर्थ भरलेला आहे. शतकाचा आकडा १, २ किंवा ३ असेल तर गाडी डीसी विजेची. ४, ५, ६ असेल तर डीसी आणि एसी दोन्हींवर चालणारी. ७ आणि ८ म्हणजे फक्त एसी. दशकाच्या जागी शून्य म्हणजे शहरी लोकल (१०३, २०१, २०५), आणि १ ते ३ म्हणजे उपनगरी गाडी (११३, २११). म्हणजे ई५३१ वाचल्याबरोबर कळतं की ही दोन्ही विजांवर चालते. ही पद्धत जुन्या राष्ट्रीय रेल्वेची. १९८७ मध्ये तिची जेआर (जपान रेल्वे) नावाच्या कंपन्यांत वाटणी झाल्यावर जेआर पूर्व कंपनीनं पुढे 'ई' अक्षर जोडलं. २०९ ला 'ई' नाही, तिच्या नंतरच्या ई२३१, ई२३३, ई२३५ ला आहे. या तिघींच्या दशकात ३ का, हा प्रश्न हुशार मूल विचारेल. शहरी आणि उपनगरी असे दोन वेगळे साचे ठेवणं कंपनीनं सोडून दिलं आणि एकाच साच्यात दोन्ही कामं बसवली, म्हणून.

खासगी रेल्वे कंपन्यांचे आकडे या नियमात बसत नाहीत. तिथे प्रत्येकीची वही वेगळी.

---

कारशेड, मडगाव

वरचं सगळं बरोबर. पण प्रकार खरा बदलतो तो डब्याच्या फरशीखाली, आणि दुसरा फलक त्यावर व्हायला हवा. मोटार सुरू करताना तिच्याकडे जाणारी वीज कशी आवरायची, या एका प्रश्नाची चार उत्तरं म्हणजे या गाड्यांच्या चार पिढ्या.

पहिलं उत्तर रेझिस्टरचं. १०१ (१९५७) आणि १०३ (१९६३) या गाड्या १५०० व्होल्ट डीसीवर चालताना जादा वीज रेझिस्टरमध्ये जाळून टाकत. १०१ चा मूळ बेत होता की गाडीतला प्रत्येक डबा मोटारीचा असावा, म्हणजे वेग झटकन पकडेल. पण एवढी वीज एकदम पुरवायची सबस्टेशनची ताकद नव्हती. म्हणून मध्ये बिनमोटारीचे डबे घालावे लागले आणि मूळ गुण हरवला. तो धडा घेऊन १०३ ची आखणी कमी मोटारींवर, जवळजवळच्या स्टेशनांसाठी केली. १९८४ पर्यंत तिचे ३,४४७ डबे बांधले. हाच प्रकार लांब अंतराच्या लाइनवर नेला तिथे तो कमी पडला, कारण वरच्या वेगात तिची ओढ अपुरी होती. भुयारी मार्गावर वेगळीच अडचण. चियोदा लाइनवर जाणाऱ्या १०३ च्या रेझिस्टरची उष्णता बोगद्यात साठून राहायची.

दुसरं उत्तर चॉपरचं. थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो, त्यामुळे जाळून टाकण्याची गरज उरत नाही. शिवाय ब्रेक लावताना मोटार जनित्रासारखी चालून वीज वायरीत परत जाते. चियोदा लाइनच्या ६००० मालिकेनं आणि राष्ट्रीय रेल्वेच्या २०१ नं (नमुना १९७९, नियमित बांधणी १९८१) हेच केलं. अडचण किमतीची. म्हणून १९८५ ची २०५ आली. तिच्यात मुख्य नियंत्रण पुन्हा रेझिस्टरचं, पण मोटारीच्या चुंबकक्षेत्राला वेगळा प्रवाह देऊन वीज परत पाठवण्याची सोय स्वस्तात साधली. वर स्टेनलेस स्टीलचा हलका डबा. माझ्या मते या साऱ्या वंशात २०५ इतका शहाणा हिशेब दुसऱ्या कुठल्या गाडीचा नाही.

तिसरं उत्तर इन्व्हर्टरचं, ज्याला व्हीव्हीव्हीएफ म्हणतात. वायरीतल्या डीसीची तीन फेजची एसी करायची आणि तिचं व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी दोन्ही बदलत मोटार फिरवायची. इंडक्शन मोटारीला ब्रश नसतात, त्यामुळे ब्रश झिजणं आणि ठिणग्या पडणं हा डेपोतला नेहमीचा त्रासच संपतो. १९९३ ची २०९ याच पिढीतली. वजन निम्मं, किंमत निम्मी, आयुष्य निम्मं, असं तिचं सूत्र होतं. दहा डब्यांत फक्त चार मोटारीचे. प्रत्येकी चार मोटारी, ९५ किलोवॅटच्या. गुणाकार केला तर १,५२० किलोवॅट.

इथेच बिघाडाचा मुद्दा येतो. मोटारीचे डबे कमी असले की एक यंत्र बंद पडल्यावर गाडीची मोठी ताकद जाते, गाडी मधेच अडते आणि मागच्या गाड्या तुंबतात. पावसात चाकं घसरण्याचं प्रमाणही वाढतं, कारण तेवढीच ओढ थोड्या चाकांवर पडते. म्हणून डिसेंबर २००६ मध्ये चुओवर आलेल्या ई२३३ मध्ये दहापैकी सहा डबे मोटारीचे केले, मोटारी १४० किलोवॅटच्या (गुणाकार ३,३६०) आणि महत्त्वाची यंत्रणा दुहेरी ठेवली. एक निकामी झालं तरी गाडी प्रवाशांसकट पुढे जाते. ई२३३ मालिकेचे तीन हजारांहून जास्त डबे बांधले गेले, ते काही तिच्या चेहऱ्यासाठी नव्हे.

चौथं उत्तर सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचचं. ३० नोव्हेंबर २०१५ ला यामानोतेवर उतरलेल्या ई२३५ मध्ये ते आहे. काम तेच, पण स्विच करताना वाया जाणारी वीज कमी आणि पेटी लहान.

फलकावर एक गोष्ट चुकीची लिहू नका. ब्रेक लावला की वीज नेहमीच परत जाते असं नाही. ती घ्यायला जवळपास दुसरी गाडी ओढ घेत असावी लागते. नसेल तर वायरीतलं व्होल्टेज चढतं, नियंत्रण यंत्रणा वीज पाठवणं आवरतं घेते आणि उरलेलं काम एअर ब्रेक करतो.

फोटो निवडताना: फलाट उंच असल्यामुळे स्टेशनातल्या फोटोत फरशीखालचं काही दिसत नाही. फाटकावरून किंवा डेपोतून काढलेले फोटो घ्या. जाळीदार पेट्यांची रांग दिसली तर रेझिस्टर. बंद मोठी पेटी आणि तिला थंड करणारे पंखे किंवा पट्ट्या दिसल्या तर इन्व्हर्टर.

---

पुठ्ठाकातर, म्हापसा

मॉडेलसाठी ई२३३ घेऊ नका. तिचा डबा खिडकीखाली आत वळतो आणि पुठ्ठ्याला लांबीभर तो बाक सारखा देणं नवशिक्याला जमत नाही. २०५ घ्या. बाजू सरळ, तोंड सपाट, अंग रुपेरी.

१:५० ची मापं: डबा १९.५ मीटर लांब, म्हणजे ३९० मिमी. जोडणीसकट २० मीटर, म्हणजे दोन डब्यांच्या मध्यांमधलं अंतर ४०० मिमी. रुंदी २.८ मीटर, म्हणजे ५६ मिमी. रुळापासून छप्पर सुमारे ३.७ मीटर, ७३ ते ७४ मिमी धरा. फरशी साधारण १.२ मीटरवर, २४ मिमी. फलाट १.१ मीटर, २२ मिमी. दार १.३ मीटर रुंद, म्हणजे २६ मिमी, दोन झडपा १३-१३ च्या. दारांच्या मध्यांमधलं अंतर सुमारे ४.९ मीटर, ९८ मिमी. टोकापासून पहिल्या दाराच्या मध्यापर्यंत ४८ मिमी सोडा, हिशेब बरोबर ३९० वर येतो. दोन दारांमध्ये सात जणांचं लांब बाक, टोकाला तीन जणांचं. केबिनच्या डब्यात त्या तीन जणांच्या बाकाची एका टोकाची जागा चालकाला जाते.

बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, चाकांची चौकट. दोन बोग्यांच्या मध्यांत १३.८ मीटर, म्हणजे २७६ मिमी. एका बोगीतल्या दोन आसांत २.३ मीटर, ४६ मिमी. चाक ८६० मिमीचं, म्हणजे १७ मिमी. रुळांतलं अंतर १,०६७ मिमी, म्हणजे २१.३ मिमी. रूळ विकत घ्यायला जाऊ नका. २ मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्या या अंतरावर चिकटवल्या की भागतं.

दहा डबे केले तर चार मीटर लांबी होते. टेबल एवढं नसेल तर तीनच करा: कुहा, मोहा २०५, मोहा २०४. पँटोग्राफ मोहा २०५ वर, चौकटीच्या आकाराचा, आजकालचा एका हाताचा नको. प्रत्येक छतावर मध्यभागी एकच मोठा एसी.

सामान एका डब्याला: फरशी आणि बरगड्यांसाठी २ मिमी ग्रे बोर्ड, बाजूंसाठी ३०० जीएसएम कार्ड, छतासाठी त्याहून पातळ कार्ड. बरगड्या दहा, ५५ मिमी रुंद, टोकापासून टोकापर्यंत सुमारे ४३ मिमी अंतरानं. बरगडी दारावर किंवा खिडकीवर आली तर आतून दिसते, तेव्हा आधी बाजूवर पेन्सिलनं खुणा करून मग जागा ठरवा. खिडक्या आधी कापायच्या, घडीच्या रेघा नंतर मारायच्या. उलट केलंत तर कापताना कार्ड घडीवरच फाटतं. रुपेरी रंग ब्रशनं लावू नका, पट्टे उठतात. चंदेरी पृष्ठभागाचं कार्ड घ्या आणि हिरवे पट्टे छापून चिकटवा, एक खिडकीखाली, एक खिडक्यांच्या वर.

काम पावसाळ्यात होणार असेल तर हे नीट वाचा. आपल्या हवेत कार्ड ओल पितं आणि ३९० मिमीची बाजू केळ्यासारखी वाकते. कापण्याआधी कार्डाला दोन्ही बाजूंनी पातळ लॅकर मारा. एकाच बाजूनं मारलात तर न मारलेली बाजू फुगते आणि वाकणं वाढतं. लांब जोडांना पाण्याचा गोंद नको. फेव्हिकॉल फक्त बरगडीच्या टोकाला ठिपक्यासारखा, लांब कडांना फेविबॉन्डसारखा रबरी गोंद, आणि रात्रभर वर सपाट वजन. तयार डबे बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

रूळ सरळच ठेवा. यामानोते गोल आहे म्हणून मुलं गोल मांडा म्हणतील, पण ३४.५ किलोमीटरची लाइन १:५० वर ६९० मीटर होते. लहान गोल केलात तर डबा रुळाबाहेर झुकतो. एक मीटर त्रिज्येवर डब्याचा मध्य आतल्या बाजूला साडेनऊ मिमी सरकतो आणि टोकं बाहेर तेवढीच. फलाटाला घासणार म्हणजे घासणारच.

---

सावर्डे फलाट

खासगी कंपन्यांना एक पट्टी तरी द्या, नाहीतर जपान म्हणजे फक्त जेआर असं मुलांना वाटेल.

रुळांचं अंतरच एक नाही. जेआरच्या शहरी लाइन १,०६७ मिमी. केइक्यु, केइसेइ, हानक्यु, हानशिन १,४३५. केइओची मुख्य लाइन १,३७२. तोक्योच्या गिंझा आणि मारुनोउची भुयारी लाइनवर वर वायर नाही, बाजूच्या तिसऱ्या रुळातून ६०० व्होल्ट. ओएदो लाइनवर तर फिरणारी मोटारच नाही. डब्याखालचं विद्युतचुंबक आणि रुळांमधली धातूची पट्टी मिळून गाडी ओढतात. त्यामुळे फरशी खाली आणता आली, बोगदा लहान झाला, खोदाईचा खर्च वाचला.

तरी गाड्या एकमेकींच्या रुळांवर जातात. १९६० मध्ये आजच्या आसाकुसा भुयारी लाइनवर केइसेइच्या गाड्या थेट आत आल्या, आणि त्यासाठी केइसेइनं आपले १,३७२ चे रूळ आधी १,४३५ करून घेतले होते. रोजची गर्दी चालू असताना अख्ख्या कंपनीचे रूळ रुंद करणं हे केवढं काम, याचा विचार करा.

हानशिनच्या धीम्या गाड्यांना जेट कार म्हणतात. स्टेशनं एकमेकांना चिकटून, मागे जलद गाडी. म्हणून त्यांच्यातल्या जुन्या गाड्या सेकंदाला ताशी ४.५ किलोमीटरनं वेग वाढवत, म्हणजे दहा सेकंदांत ४५; नव्या गाड्यांचा आकडा ४.० आहे. चुओच्या ई२३३ चा हाच आकडा ३.० आहे.

केइहानच्या ५००० मालिकेला (१९७०) एका बाजूला पाच दारं होती. गर्दी ओसरली की दोन दारं बंद करायची आणि तिथली बाकं छताजवळून खाली उतरवायची. तोझाइ लाइननं दारं वाढवली नाहीत, रुंद केली: १.८ मीटर. दोन्ही युक्त्यांना पुढे एकच अडचण आली. फलाटाच्या कडेला सरकती दारं बसवायची तर सगळ्या गाड्यांची दारं एकाच जागी यायला हवीत. यामानोतेचे सहा दारांचे डबे याच कारणानं २०११ पर्यंत काढले. केइहानची पाच दारं २०२१ मध्ये गेली. ओसाकाच्या गोल लाइनवर २०१६ मध्ये आलेली ३२३ तर चारऐवजी तीन दारांची केली, त्या मार्गावरच्या इतर गाड्यांशी दारं जुळावीत म्हणून.

---

रूळवाट, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. पहिला फलक पूर्ण बदलतो. २०५ ठरली. शेजारी सहा दारांचा एक डबा सुटा ठेवायचा विचार आहे. मडगाव-थिवीचं उत्तर राहिलं. आणि एक नवी शंका: जपानी डब्यांत दाराजवळ झाकणामागे हातानं दार उघडायची कळ असते. तिच्याबद्दल काय लिहू?

---

कारशेड, मडगाव

मडगाव-थिवी: कारणं चार, आणि चौथं सगळ्यांत महत्त्वाचं.

रूळ. आपले १,६७६ मिमी, त्यांचे १,०६७. बोग्या बदलणं एक वेळ जमेल.

वीज. कोकण रेल्वेच्या वायरीत २५,००० व्होल्ट एसी, गाडी १,५०० व्होल्ट डीसीची. पँटोग्राफ लावल्याबरोबर इन्सुलेशन फुटेल. ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर बसवावे लागतील, आणि फरशीखाली आधीच जागा नाही. जपानमध्येही हा पेच आहे. इबाराकीतल्या काकिओकाला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आहे. डीसी रेल्वेचा जमिनीतून परतणारा प्रवाह तिची मोजणी बिघडवतो, म्हणून जोबान लाइनला तोरिदेच्या पुढे आणि त्सुकुबा एक्स्प्रेसला मोरियाच्या पुढे २०,००० व्होल्ट एसी आहे. तिथे ई५३१ सारख्या दुहेरी गाड्याच जातात आणि दोन विजांच्या मधला बिनविजेचा तुकडा त्या नुसत्या वेगावर ओलांडतात.

फलाट. आपला उंच फलाट ७६० ते ८४० मिमी, त्यांचा १,१००. म्हणजे दारात वीतभराहून उंच पायरी. शिवाय आपल्या साध्या डब्यांपेक्षा ई२३३ सुमारे ३० सेंटिमीटर अरुंद, तेव्हा फलाट आणि दार यांच्यातली फट प्रत्येक बाजूला १५ सेंटिमीटरनं वाढते.

आणि मार्ग. झटकन वेग घेणं, चार दारांतून भराभर माणसं उतरवणं हे सगळं जवळजवळची स्टेशनं आणि दर दोन-तीन मिनिटांनी येणारी गाडी यांच्यासाठी आहे. मडगाव, करमळी, थिवी हा एकेरी मार्ग. समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावं लागलं तर दारांनी वाचवलेले वीस सेकंद तिथेच जातात.

त्या गाड्या बाहेर धावतच नाहीत असं मात्र लिहू नका. जाकार्तात १,०६७ मिमी आणि १,५०० व्होल्ट डीसी दोन्ही जुळतं. म्हणून तिथे २०५ चे शेकडो डबे आणि चियोदाच्या ६००० मालिकेच्या गाड्या गेल्या. बुटक्या फलाटांसाठी दारांखाली पायऱ्या लावल्या, तोंडाला खाली मजबूत संरक्षक पट्ट्या.

---

क्रमांकवही, वास्को

दाराच्या कळीबद्दल लिहाच, आणि तारखेसह लिहा. २४ एप्रिल १९५१, योकोहामाचं साकुरागिचो स्टेशन. दुरुस्तीत तुटून लोंबणारी वायर ६३ मालिकेच्या गाडीला लागली आणि डबा पेटला. युद्धकाळातली ती बांधणी. खिडकीचे तीन भाग, मधला पक्का बसवलेला, म्हणून माणूस बाहेर पडेल एवढी फट होत नव्हती. दारं आतून उघडता आली नाहीत, शेजारच्या डब्यात जायची वाटही मिळाली नाही. १०६ माणसं गेली. त्यानंतर हातानं दार उघडण्याच्या कळीची जागा ठळक अक्षरांत दाखवणं आणि डब्यांमधून मोकळी वाट ठेवणं सुरू झालं. वीस मीटरचा चार दारांचा डबा, जो आजही तोक्योचा साचा आहे, तो याच ६३ पासून आलाय. म्हणून पहिल्या फलकावर १०३ च्या आधी तिची एक चौकट ठेवा.

---

पुठ्ठाकातर, म्हापसा

सहा दारांच्या डब्याबद्दल एक खबरदारी. त्यातली बाकं सकाळच्या गर्दीत दुमडून ठेवत आणि दहा वाजल्यानंतर उघडत, तेव्हा आत बाकं उघडी दाखवायची असतील तर चिठ्ठीवर तसं लिहा. आणि मॉडेलच्या पाटीवर "१९८५ ची गाडी, दहा डबे" असं लिहून शेजारी तो डबा ठेवू नका. सहा दारांचा डबा जोडला तेव्हा गाडी अकरा डब्यांची झाली, १९९१ मध्ये. पाटीवर १९९१ घाला. पहिल्या चार रेकच्या खिडक्या मधे आडव्या पट्टीनं दुभागलेल्या होत्या, नंतरच्या एकसंध. तुम्ही एकसंध कापा. ते सोपंही पडेल आणि बहुतेक गाड्या तशाच होत्या.